शाम्पूच्या बाटलीवरची नावे कुठून आली?



खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका शोधायची सवय आपल्या हाताला लागलेली आहे. केसांना लावायच्या वस्तूंचे तसे नाही. बाटली उलटी केली की बारीक अक्षरांत वीस-पंचवीस नावे दिसतात आणि त्यांतले पाणी सोडले तर एकही ओळखीचे वाटत नाही. मग आपल्यातल्या पुष्कळजणी दोनपैकी एक काहीतरी करतात. 'अल्कोहोल' हा शब्द दिसला की बाटली परत ठेवतात, नाहीतर पुढच्या बाजूला 'हर्बल' लिहिलेले पाहून निश्चिंत होतात. यात काय आहे आणि ते कोणत्या जिवापासून आले, हा आपला खरा प्रश्न मात्र तसाच राहतो. या नावांचा थोडा इतिहास माहीत असला तर तो नीट विचारता येतो.

'शाम्पू' या शब्दापासूनच सुरुवात करू. हा शब्द आपल्याकडूनच इंग्रजीत गेला. हिंदीतल्या 'चाँपना' म्हणजे दाबणे, चोळणे या क्रियापदापासून तो बनला. आपली चंपी त्याच घरातली. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन मोहम्मद पुढे इंग्लंडला गेले आणि ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी वाफेचे स्नान व अंग चोळून देण्याचे स्नानगृह चालवले. राजा चौथा जॉर्ज याचे 'शाम्पूइंग सर्जन' म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. तेव्हा शाम्पू म्हणजे मालिश. केस धुण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. नाव तेच राहिले, आतली वस्तू बदलली. बाटलीच्या मागच्या यादीतही हेच झाले आहे.

त्या यादीतल्या अनेक नावांचा उगम मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या कामात सापडतो. डुकराच्या चरबीपासून केलेल्या साबणाची तपासणी त्याने १८११च्या सुमारास सुरू केली, आणि प्राणिजन्य स्निग्ध पदार्थांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १८२३ साली निघाला. साबण म्हणजे नेमके काय, हे त्याच्यामुळे कळले. चरबी वा तेल क्षाराबरोबर उकळले की त्याचे दोन भाग होतात: एक स्निग्ध आम्ल, जे क्षाराशी जुळून साबण होते, आणि दुसरे ग्लिसरिन. जो पदार्थ ज्या जिनसात सापडला, त्यावरून बहुधा त्याचे नाव पडले. 'स्टिअरिक' हे ग्रीक भाषेतल्या चरबीच्या शब्दावरून आले. 'कॅप्रिक' आणि 'कॅप्रिलिक' ही नावे लॅटिनमधल्या शेळीवरून आली, कारण ही आम्ले शेळीच्या दुधाच्या लोण्यात सापडली होती.

ज्या 'सिटाइल अल्कोहोल'ला पाहून आपण दचकतो, त्याची गोष्ट तर आणखी वेगळी. देवमाशाच्या एका जातीच्या डोक्यात मेणासारखा पदार्थ असतो आणि त्या काळी त्याच्या मेणबत्त्या करत. त्यापासून शेव्रलने १८१७ साली हा पदार्थ वेगळा काढला. लॅटिनमध्ये देवमाशाला 'सीटस' म्हणतात, त्यावरून पुढे सिटाइल हे नाव रूढ झाले. आज हा पदार्थ बहुतेक पाम तेलापासून करतात. तो पांढऱ्या मेणासारखा घट्ट असतो, केसांना मऊपणा आणतो आणि त्याने नशा येत नाही. मद्यत्यागाच्या नियमाशी त्याचा संबंध नाही. नावात देवमासा आहे, बाटलीत बहुधा नाही.

काही नावे ओळखली की आपण स्वयंपाकघरातच येऊन पोचतो. 'लॉरिल' आणि 'लॉरेथ' ही नावे भूमध्य समुद्राकाठच्या लॉरेल झाडावरून आली, पण फेस आणणाऱ्या सोडियम लॉरेथ सल्फेटसाठी लागणारा मूळ स्निग्ध भाग आज खोबरेल किंवा पामच्या गराच्या तेलातून घेतात. 'बेहेनट्रायमोनियम' हे कंडिशनरमधले भले मोठे नाव. त्यातले 'बेहेन' हे बेन तेलाचे, म्हणजे शेवग्याच्या बियांच्या तेलाचे. आज तो घटक बहुधा मोहरीच्या जातीच्या रेपसीड तेलापासून करतात. आणि 'ग्वार' अशी सुरुवात दिसली तर ती आपली गवारच, राजस्थानात पिकणारी. तिच्या बियांच्या डिंकावर प्रक्रिया करून केस गुंतू न देणारा पदार्थ करतात.

आता उलट बाजू. ग्लिसरिन हे नाव किती निरुपद्रवी! ग्रीकमध्ये त्याचा अर्थ गोड. स्वीडनच्या शेले याला ते १७७९ साली ऑलिव्ह तेलातून मिळाले होते, म्हणजे जन्म वनस्पतीतला. पण पुढे साबण आणि मेणबत्त्यांचे कारखाने वाढले, आणि तिथे गुरांची चरबी वापरली जाई. त्यातून ग्लिसरिन जोडउत्पादन म्हणून निघू लागले. आजही ते चरबीपासून, वनस्पती तेलापासून किंवा खनिज तेलापासून, तिन्ही वाटांनी बनू शकते. तयार झाल्यावर तिन्ही सारखेच. नाव वाचून फरक कळत नाही, वास घेऊनही नाही. स्टिअरिक आम्लाचेही तसेच, ते चरबीतले असेल किंवा पाममधले.

काही नावे मात्र आजही खरे बोलतात. केराटिन हे ग्रीक भाषेतल्या शिंगाच्या शब्दावरून आले, आणि ते लोकर, पिसे, खूर, शिंगे यांतूनच काढतात. वनस्पतीत केराटिन तयारच होत नाही. 'वनस्पतिजन्य केराटिन' म्हणून जे मिळते ते साधारणपणे गहू, मका, सोयाबीन यांच्या प्रथिनांचे मिश्रण असते. सिल्क प्रोटीन आणि सेरिसिन रेशमाच्या कोशातले, कोलॅजेन जनावरांच्या किंवा माशांच्या कातडी-हाडांतले, लॅनोलिन मेंढीच्या लोकरीवरचे मेण. 'हनी' म्हणजे मध. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग ज्यांनी मूलगुणांत घेतला आहे, त्यांना पुढे काही सांगायला नकोच.

हा प्रश्न आजचा नाही. आंघोळीच्या साबणात जनावरांची चरबी सर्रास असे, तेव्हाही आपल्या लोकांना तो पडत होता. शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य मुळातच असते, त्यामुळे केसांना साबणाची गरज नव्हती. साबणाने कठीण पाण्यात केसांवर चिकट थर बसतो, तसा शिकेकाईने बसत नाही. साबणाच्या बाबतीत १९१८ साली मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला.  

आता दोन बाटल्या शेजारी ठेवून तुलना कशी करायची? घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणून पहिली पाच-सहा नावे नीट वाचा, बाटलीतला बहुतेक माल तोच. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असलेला आवळा किंवा भृंगराज मागच्या यादीत सुगंधाच्या आसपास सापडला, तर तो किती असेल हे तुम्हीच ओळखा. दोन बाटल्यांत ही पहिली नावे सारखी असतील, तर किमतीतला फरक बहुतेक वासाचा आणि जाहिरातीचा आहे.

मग नावांचे तीन गट करा. केराटिन, सिल्क, कोलॅजेन, लॅनोलिन, मध हे उघड प्राणिजन्य. गवार, खोबरेल, गव्हाचे प्रथिन हे उघड वनस्पतिजन्य. ग्लिसरिन आणि स्टिअरिक आम्ल हे दोन्हीकडचे. या तिसऱ्या गटासाठी बाटलीवरच्या ग्राहक सेवा पत्त्यावर एक ओळ लिहायची: 'तुमच्या उत्पादनातील ग्लिसरिन व स्टिअरिक आम्ल वनस्पतीपासून आहे का, कृपया लेखी कळवावे.' प्राण्यांवरच्या चाचणीचा प्रश्न वेगळा आहे. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी अशा चाचण्यांवर २०१४ साली बंदी आली, आणि त्याच वर्षी तशा चाचणीच्या परदेशी मालाच्या आयातीवरही. पण चाचणी नाही म्हणजे प्राणिजन्य घटक नाही, असा अर्थ काढू नये.

यत्नाचार म्हणजे पाहून, जपून वागणे. पाणी गाळताना, धान्य निवडताना आपण तो पाळतोच. न्हाणीघरातल्या फळीवरच्या बाटल्यांना तो लावायचा तर एक दुपार पुरते. आधी घरात असलेल्या बाटल्या वाचा, ती एक ओळ पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत शिकेकाई आहेच.