ऑक्सफर्डचीं कॉफीगृहें

ऑक्सफर्ड शहराच्या मध्यभागीं, कारफॅक्स नांवाच्या चौकांत, चौदाव्या शतकांत स्विंडलस्टॉक नांवाचा एक मद्याचा गुत्ता होता. १३५५ सालच्या फेब्रुवारीच्या १० तारखेस, संत स्कोलॅस्टिकेच्या सणाच्या दिवशीं, विद्यापीठाचे कांहीं विद्यार्थी तेथें पीत बसले असतां त्यांनीं मद्य हिणकस असल्याची तक्रार केली. गुत्तेवाल्यानें उद्धट उत्तर दिलें, विद्यार्थ्यांनीं भांडें त्याच्या अंगावर फेंकलें, आणि थोड्याच वेळांत एका देवळाची घंटा नागरिकांना व दुसऱ्या देवळाची घंटा विद्यार्थ्यांना हांक देऊं लागली. ही दंगल तीन दिवस चालली. तींत ६३ विद्यार्थी व सुमारें ३० नागरिक प्राणांस मुकले. राजानें कौल दिला तो विद्यापीठाच्या बाजूनें. शहराच्या मेयरनें आणि प्रमुख नागरिकांनीं दरवर्षीं त्याच दिवशीं सेंट मेरीच्या देवळांत जाऊन, मेलेल्या विद्यार्थ्यांच्या नांवें प्रत्येकीं एक पेनी ठेवावी, असें प्रायश्चित्त ठरलें. तें १८२५ पर्यंत चालू होतें. पेल्यांतील मद्याच्या प्रतीवरून निघालेल्या भांडणाची परतफेड शहर ४७० वर्षें करीत होतें!

ह्या निकालाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा होता. शहरांतील पाव व बिअर ह्यांच्या वजनमापांवरील देखरेख विद्यापीठाच्या हातीं गेली. म्हणजे कोणीं कोठें बसून काय प्यावें, हा प्रश्न ऑक्सफर्डमध्यें केवळ आवडीनिवडीचा राहिला नाहीं; तो अधिकाराचा झाला. गुत्त्यांत रेंगाळणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षा सांगणारे नियम होतेच. अशा शहरांत सतराव्या शतकाच्या मध्याला एक असें पेय आलें कीं, ज्याचें नांवहि ह्या जुन्या नियमांत नव्हतें.

तो काळ मोठा अस्वस्थतेचा होता. यादवी युद्धांत १६४२ पासून १६४६ पर्यंत ऑक्सफर्ड हीच पहिल्या चार्ल्स राजाची राजधानी होती. पार्लमेंटचा जय झाल्यावर राजपक्षीय अध्यापकांना हुडकून हुडकून काढून टाकण्यांत आलें. अशांपैकींच एक नॅथॅनियल कोनोपियस नांवाचा क्रीट बेटांतील ग्रीक धर्मोपदेशक होता. बेलियल महाविद्यालयांत राहत असतां तो स्वतःपुरती कॉफी करून पीत असे, आणि लोक ती कौतुकानें पाहत. १६४८ मध्यें त्यालाहि ऑक्सफर्ड सोडावें लागलें. पुढें दोनच वर्षांनीं, १६५० मध्यें, जेकब नांवाच्या एका यहुदी गृहस्थानें हाय स्ट्रीटवरील ‘एंजल’ येथें कॉफी विकावयास आरंभ केला. लंडनमधील पहिलें कॉफीगृह निघालें तें १६५२ मध्यें. म्हणजे ह्या बाबतींत विद्येचें नगर राजधानीच्या दोन पावलें पुढें होतें. १६५४ मध्यें लेबॅनन पर्वताच्या बाजूनें आलेल्या सर्क जॉब्सन ह्यानें क्वीन्स महाविद्यालयाजवळ आपलें दुकान थाटलें.

आतां जेकबच्या स्थितीकडे जरा पाहिलें पाहिजे. इंग्लंडांतून यहुद्यांना १२९० मध्यें हद्दपार करण्यांत आलें होतें, आणि क्रॉम्वेलनें त्यांना राहूं देण्याचें धोरण पत्करलें तें १६५६ मध्यें. म्हणजे जेकब ज्या देशांत चूल पेटवून कॉफी उकळीत होता, तेथें कायद्याच्या दृष्टीनें त्याला जागाच नव्हती. विद्यापीठाचें दार तर त्याला बंदच होतें. कारण १५८१ पासून तेथें नांव दाखल करणाऱ्या प्रत्येकास इंग्लंडच्या धर्मपंथाच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. ज्या दाराच्या आंत त्याला पाऊल टाकतां येत नव्हतें, त्याच दारांतून बाहेर पडणारे विद्वान त्याच्या मेजाभोंवतीं येऊन बसूं लागले.

तिसरें दुकान सर्वांत प्रसिद्धीस आलें. आर्थर टिलियर्ड हा औषधविक्रेता होता आणि पक्का राजपक्षीय होता. १६५५ मध्यें त्यानें ऑल सोल्स महाविद्यालयासमोरील आपल्या घरांत उघडपणें कॉफी विकावयास सुरुवात केली. त्याला उत्तेजन देणाऱ्यांत राजाच्या पक्षाचे लोक होते, तसेच नव्या प्रायोगिक शास्त्राचा नाद लागलेले तरुणहि होते. पुढें लंडनचें सेंट पॉलचें मंदिर बांधणारा क्रिस्टोफर रेन हा त्यांतलाच एक. त्या वेळीं तो तेविशीच्या आंतबाहेर होता. ह्याच बैठकींतून रॉयल सोसायटी जन्मली, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. पण तें फार झालें. त्या संस्थेचें मूळ वॉडॅम महाविद्यालयांत जॉन विल्किन्सच्या घरीं भरणाऱ्या मंडळांत आणि लंडनच्या ग्रेशॅम महाविद्यालयांत आहे. तिची स्थापना झाली तीहि ग्रेशॅममध्येंच, रेनचें व्याख्यान संपल्यावर, २८ नोव्हेंबर १६६० रोजीं. टिलियर्डला तिचा जनक ठरविण्याची गरज नाहीं. त्याच्या घरीं जें घडलें तें स्वतःच पुरेसें मोलाचें आहे.

रॉबर्ट बॉइल त्या सुमारास हाय स्ट्रीटवरच एका औषधविक्रेत्याच्या घरीं राहून हवेच्या दाबावर प्रयोग करीत होता. त्यानें १६५९ मध्यें स्ट्रासबुर्गचा रसायनज्ञ पीटर स्टाल ह्याला ऑक्सफर्डला आणलें. स्टालला विद्यापीठांत कसलीहि जागा नव्हती, आणि रसायनशास्त्र हा पदवीचा विषयहि नव्हता. तो फी घेऊन खासगी वर्ग चालवी. १६६२ च्या अखेरपर्यंत हा वर्ग टिलियर्डच्या घरीं भरत होता; १६६३ च्या आरंभीं तो दुसऱ्या एका घरीं हलला. तेथील वर्गांत अँथनी वुड होता आणि जॉन लॉकहि होता. दोघेहि १६३२ सालचे, म्हणजे तिशी गांठलेले. वुडनें आपल्या टिपणांत लिहून ठेविलें आहे कीं, मास्तर मेजाच्या वरच्या टोकाला बसून सांगत आणि सर्व मंडळी उतरून घेत. लॉक मात्र लिहिण्याला कमीपणा मानी, आणि मध्येंच बडबडून सर्वांना त्रास देई. ज्ञान कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर अनुभवावरून येतें, असें पुढें जगाला पटवून देणारा तत्त्ववेत्ता वर्गांत कसा वागत असेल, ह्याचें ह्याहून बोलकें चित्र मिळणें कठीण. विद्यापीठानें स्वतःची प्रयोगशाळा अॅशमोलियन संग्रहालयाच्या तळघरांत उघडली आणि रसायनाचा अध्यापक नेमला, तो १६८३ मध्यें. वुड व लॉक ह्यांच्या वर्गानंतर वीस वर्षांनीं.

परंतु अधिकाऱ्यांना ह्या मोकळेपणाची भीति वाटूं लागली होती. केंब्रिजनें १६६४ मध्यें कॉफीगृहाला गुत्त्याच्याच पंक्तीला बसविलें. गुरूच्या परवानगीवांचून तेथें जाणाऱ्या विद्यार्थ्यास गुत्त्यांत जाणाऱ्याप्रमाणेंच शिक्षा व्हावी, असा नियम झाला. पेय बदललें तरी कलम तेंच! दुसऱ्या चार्ल्सनें तर २९ डिसेंबर १६७५ रोजीं राज्यांतील सर्व कॉफीगृहें बंद करण्याचा जाहीरनामा काढला. कारण तेथें सरकारविरुद्ध बातम्या पसरतात. इतका गवगवा झाला कीं, अंमल सुरू होण्यापूर्वींच तो मागें घ्यावा लागला. ऑक्सफर्डच्या अध्यापकांनीं निराळी वाट काढली. मर्टन महाविद्यालयानें १६६१ मध्यें केवळ आपल्या फेलोंसाठीं एक सामाईक खोली राखून ठेविली. हळूहळू इतरांनीं तिचें अनुकरण केलें. बाहेरच्या मेजावर कोण शेजारीं येऊन बसेल ह्याचा नेम नव्हता. खोलीला दार होतें. (बाहेरच्या मेजाविषयींहि एवढें म्हटलें पाहिजे कीं, ‘कोणीहि यावें, बसावें’ ह्यांतील ‘कोणीहि’ हा पुरुषच असे, स्त्री तेथें असलीच तर कॉफी देणारी.)

आणि वुड? १६७७ मध्यें तोच वुड खेदानें लिहितो कीं, विद्यापीठांतून भरीव विद्येचा ऱ्हास होत चालला आहे, आणि त्याचें एक कारण कॉफीगृहें. लोक सारा वेळ तेथेंच घालवितात. ह्याच गृहस्थाच्या हिशेबांत कॉफीगृहांत खर्च केलेल्या पैशांच्या नोंदी ठिकठिकाणीं सांपडतात. त्याला दांभिक म्हणणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. बातमीपत्रांची चटक लागलेली मंडळी त्यानें डोळ्यांनीं पाहिली होती, आणि तक्रार निराधार नव्हती.  १६९३ मध्यें, क्लॅरेंडनच्या अर्लची आपल्या ग्रंथांत बदनामी केल्याच्या आरोपावरून, विद्यापीठानें वुडलाच बाहेर काढलें आणि त्याच्या पुस्तकाचीं पानें जाळलीं.

क्वीन्स लेनच्या कोपऱ्यावर आजहि एक कॉफीगृह १६५४ हें साल अभिमानानें सांगतें. जेकबविषयीं मात्र जी माहिती आहे ती बहुतेक वुडच्याच टिपणांतून आलेली आहे. ऑक्सफर्ड सोडल्यावर त्यानें लंडनजवळ हॉलबर्न येथें कॉफी विकली, आणि १६७१ मध्यें तो हयात होता, एवढें वुड सांगतो. विद्यापीठाच्या पदव्यांवरील व जागांवरील धर्माची अट पार्लमेंटनें काढून टाकली ती त्यानंतर दोनशें वर्षांनीं, १८७१ मध्यें.