प्लेगच्या जंतूची भाऊबंदकी

प्लेगचा जंतू, यर्सिनिया पेस्टिस, आपल्या जवळच्या नातलग जंतूंना मारण्यासाठी एक खास विष बनवतो. त्याला पेस्टिसिन म्हणतात. जिवाणूंच्या जगात ही भाऊबंदकी सर्रास चालते. एका वाणाने त्याच जातकुळीतील दुसऱ्या वाणावर सोडलेल्या अशा विषांना बॅक्टेरिओसिन हे नाव आहे. १९२५ मध्ये बेल्जियमच्या आंद्रे ग्रातिया यांना आतड्यात राहणाऱ्या ई. कोलायच्या एका वाणाने दुसऱ्याची वाढ मारलेली दिसली, तेव्हापासून या विषयाचा इतिहास सुरू होतो. त्या विषाला पुढे कोलिसिन म्हणू लागले. कोलिसिन बाहेर पडते तेव्हा ते बनवणारी पेशी बहुधा स्वतः फुटते. मरणारी एक, वाचणारी तिची भावंडे, असा हा हिशेब आहे.

पेस्टिसिनचा धनी असलेला हा जंतू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धारवाड जिल्ह्यातील हुबळी गावाला चांगलाच परिचित होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघड झाला. त्या वर्षअखेरीस वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवू लागले. मांसाच्या रशात जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे म्हणजे त्यांना धरून जंतूंच्या लोंब्या खाली उतरतात, आणि शेवटी तापवून सारे जंतू मारायचे, अशी ती रीत होती. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली.

हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्याचे मोठे व्यापारी गाव होते. कापसाची पेठ होती, सदर्न मराठा रेल्वेचा कारखाना होता. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. १८९८ मध्ये साथ भडकली तेव्हा सर्जन-कॅप्टन ल्यूमन यांनी येथे टोचणीची मोहीम चालवली आणि गावातील बहुसंख्य लोकांनी टोचून घेतले. याचे महत्त्व कळायला पुणे आठवावे लागते. घरझडत्यांच्या जाचाने तेथे सरकारबद्दल इतका संताप साठला होता की २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली. पुढच्याच वर्षी त्याच इलाख्यातील एका गावाने मोठ्या संख्येने सुईपुढे हात धरला, ही गोष्ट आपल्याकडच्या वैद्यकीय इतिहासात फार कमी सांगितली जाते. आज हुबळीच्या कोप्पीकर रोडवर खरेदीला उतरणाऱ्या गर्दीला तिची आठवण असण्याचे कारण नाही.

लस टोचणाऱ्यांना पेस्टिसिन ठाऊक नव्हते. ते १९५८ मध्ये इस्रायलमधील बेन-गुरियन व हर्टमन यांनी दाखवले. त्याचे जनुक मुख्य गुणसूत्रावर नसते, प्लाझ्मिड नावाच्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर असते. पिसवेच्या चाव्यातून शिरलेल्या जंतूला शरीरभर पसरायला मदत करणारे विकर त्याच वर्तुळावर बसलेले आहे. म्हणजे भावाला मारण्याचे हत्यार आणि माणसाला मारण्याचे हत्यार एकाच गाठोड्यात.

पेस्टिसिन आत शिरते कसे, यातच साऱ्या प्रकाराची मख्खी आहे. यर्सिनियाला लोह हवे असते. ते ओढून घेण्यासाठी त्याच्या बाहेरच्या आवरणावर एफवाययूए नावाचे प्रथिन असते, आणि पेस्टिसिन नेमके त्याच दारातून घुसून पेशीची भिंत कुरतडते. ज्याच्याकडे हे दार नाही त्याला विष बाधत नाही, म्हणून मार नात्यातच बसतो. काही रोगकारक ई. कोलायकडेही हे दार आहे, तेही सापडतात. विष बनवणाऱ्या जंतूकडे मात्र पिम नावाचा उतारा तयार असतो.

भुकेच्या दारातून विष घुसवण्याची हीच युक्ती शेतीत आधी कामी आली. ऑस्ट्रेलियातील ॲलन केर यांनी १९७०च्या दशकात के८४ हा निरुपद्रवी ॲग्रोबॅक्टेरियम वापरून फळझाडे व गुलाबांच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या त्याच्याच भाऊबंदांना रोखले. त्याचे ॲग्रोसिन हे विष रोगकारक जंतू अन्न समजून आत घेतात. धोका एवढाच, की विषाचे आणि उताऱ्याचे प्लाझ्मिड शत्रूकडे जाऊ शकत होते. म्हणून त्यातील हस्तांतराचा भाग कापून के१०२६ हा वाण घडवला गेला. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात तो विक्रीस आला. जनुकीय बदल करून व्यापारी वापरासाठी मोकळा सोडलेला जगातील पहिला सजीव म्हणून तो ओळखला जातो.

वैद्यकात ही वाट अजून प्रयोगशाळेपलीकडे फारशी गेलेली नाही. २०११ मध्ये सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी स्यूडोमोनास या रोगकारक जंतूचा रासायनिक संदेश ओळखताच फुटून पायोसिन सोडणारा ई. कोलाय घडवला. पायोसिन हे मुळात स्यूडोमोनासचेच आपसात लढण्याचे विष. प्रयोगात द्रवात तरंगणाऱ्या स्यूडोमोनासची वाढ ९९ टक्क्यांनी आणि थर करून राहणाऱ्यांची जवळपास ९० टक्क्यांनी रोखली गेली.

पेस्टिसिनची पाळी २०१२ मध्ये आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी त्याचा दार ओळखणारा भाग टी४ या जिवाणूभक्षक विषाणूच्या भिंत फोडणाऱ्या विकराला जोडला. हे जोडविष यर्सिनियाला आणि तेच दार बाळगणाऱ्या रोगकारक ई. कोलायला मारते, आणि पिम हा उतारा त्याच्यापुढे चालत नाही.