आडनाव जुळलं म्हणजे रक्त जुळलं असं नाही

2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला, तेव्हापासून माझ्याकडंही लोक वंशावळी घेऊन येतायत. म्हणून मंडळी, एक स्पष्टच सांगतो.

'उमरीकर' हे आडनाव गावावरून पडलेलं. उमरी सोडून जो बाहेर गेला तो उमरीकर, मग जात कोणतीही असो. अन् महाराष्ट्रात उमरी नावाची गावं तरी किती! आडनावावरून नातं ठरत नाही.

आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. म्हणून निजामकाळच्या कागदात 'बापूराव वल्द मारुती' दिसला की लगेच आपला म्हणू नका. आधी साल बघा. फसली 1344 म्हणजे इसवी 1934-35. तेव्हा तुमचा बापूराव जन्मला होता का? जुना सर्व्हे नंबर आजच्या गटाशी जुळतो का? फेरफारात वारस कोण लागले?

एक पिढी जरी अंदाजानं जोडली, तरी पडताळणीत अख्खी वंशावळ अडकते. 2000 च्या कायद्यानं खोटा दाखला रद्द होतो अन् त्यावर मिळालेला प्रवेश, नोकरीही जाते. भोगतं ते लेकरू.

पुरावा नसंल तिथं जागा कोरी ठेवा. शोध चालू ठेवा.