जात्यावरची ओवी आणि रोजचे शुभवर्तमान

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या कुशीत भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे दोन डोंगरी तालुके आहेत. तोरणा व राजगड हे किल्ले वेल्ह्यात, तर रोहिडा व रायरेश्वर भोरमध्ये. गुंजण मावळ, कानद खोरे, हिरडस मावळ ही नावे शिवकालाचा इतिहास वाचणाऱ्याच्या परिचयाची आहेत. पुढे भोर हे पंतसचिवांचे संस्थान झाले आणि १९४८ मध्ये ते विलीन झाले. या मुलुखाचा आणखीही एक इतिहास आहे. तो बखरीत आला नाही आणि कोणत्याही दप्तरात त्याची नोंद झाली नाही. पहाटे घरातील सर्व झोपलेले असताना जात्याशी बसणाऱ्या स्त्रीच्या ओवीचा तो इतिहास होय.

या ओव्या कागदावर उतरविण्याचे मोठे काम पुण्यातील दोन अभ्यासकांनी केले. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुढे भारताचे नागरिक झालेले गी प्वातवाँ (१९३४–२००४) आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर या दोघांनी मुळशी, मावळ, वेल्हे, भोर अशा डोंगरी तालुक्यांत गरिबांच्या संघटनेचे काम करताना तेथील स्त्रियांच्या ओव्या ऐकल्या, लिहून घेतल्या आणि त्यांचा संग्रह केला. हा संग्रह महाराष्ट्रभर पसरत हजाराहून अधिक गावांतील एक लाखावर ओव्यांपर्यंत पोहोचला. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि गाणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या. हे काम वेळीच झाले नसते, तर हे धन त्यांच्याबरोबरच मातीत गेले असते.

या ओव्यांमध्ये भाऊ आहे, माहेर आहे, लेक आहे, पंढरीचा विठ्ठल आहे आणि सीतेचा वनवासही आहे. या सीतेकडे आपण विशेष लक्ष दिले पाहिजे. जात्यावरची बाई रामायण वाचीत नव्हती. बहुतेक जणींना अक्षरओळखही नव्हती. कीर्तनात, देवळात वा आजीच्या तोंडून ऐकलेली सीतेची कथा ती पहाटे दळता दळता पुन्हा आठवीत असे, आणि आठवताना त्या कथेत स्वतःचा सासुरवास पाही. सीतेला वनात धाडणाऱ्यांना ती जाब विचारी. ऐकलेली पवित्र कथा ती अशा रीतीने स्वतःच्या आयुष्याच्या उजेडात रोज नव्याने समजून घेत असे. आपण ज्याला मनन-चिंतन म्हणतो ते याहून वेगळे काय आहे?

आपल्याकडे आज पुष्कळ घरांत सकाळी किंवा रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी त्या दिवसाचे शुभवर्तमान वाचले जाते आणि त्यावरील एखादे छोटे चिंतनही वाचले जाते. ही प्रथा आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की ती पूर्वापार चालत आली असावी असे वाटते. वस्तुतः मराठी कॅथलिक माणसाच्या घरात, त्याच्या भाषेत, रोजचे शुभवर्तमान येण्यास फार मोठा काळ लागला. त्या वाटचालीचा आरंभही ओवीपाशीच आहे.

थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास जन्मलेले जेझुइट धर्मगुरू ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास उतरले. आयुष्याची पुढील चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टी भागात घालविली. नवख्रिस्ती लोकांनी जुनी पुराणे सोडली होती. त्यांच्या जागी ऐकावे, गावे असे त्यांच्यापाशी काही नव्हते. प्रश्नोत्तराच्या पुस्तिकेने श्रद्धेचे पाठ मिळत, पण मनाची भूक भागत नसे. ही उणीव लोकांनीच बोलून दाखविली, असे स्टीफन्स आपल्या ग्रंथाच्या प्रारंभी सांगतात. त्या मागणीतून १६१६ मध्ये रायतूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यात प्रभु येशूचे चरित्र, अशा पंचाण्णव अध्यायांच्या या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते, म्हणून मराठी रोमन लिपीत छापावी लागली.

स्टीफन्स यांनी निवडलेली ओवी ही ज्ञानेश्वर-एकनाथांची ग्रंथातील ओवी होती. तीन चरणांत यमक आणि चौथा चरण आखूड, अशी तिची घडण. जात्यावरची ओवी सहसा दोन ओळींची आणि अधिक मोकळी असते. तरीही दोघींचे कूळ एकच आहे. एकनाथ महाराज १५९९ मध्ये निवर्तले, म्हणजे ते स्टीफन्स यांचे समकालीन होते. मावळातील बाई ज्या छंदात सीतेला आठवी, त्याच छंदाच्या घराण्यात साष्टीतील ख्रिस्ती बाई पवित्र मरियेला आठवू लागली. रविवारी व सणांच्या दिवशी देवळात हे पुराण मोठ्याने वाचले जाई. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना ते ऐकून पाठ होई, आणि पाठ झालेली गोष्ट आठवडाभर कामाच्या वेळी मनात घोळत राही. लॅटिन मिस्सेच्या त्या काळात शुभवर्तमान दैनंदिन जीवनात शिरण्याची ही एक मोठी वाट होती.

ही वाट लवकरच अडविली गेली. २७ जून १६८४ रोजी गोव्याचे व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर यांनी फर्मान काढून स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्यास तीन वर्षांची मुदत दिली. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’ची त्यानंतर दीर्घ काळ छपाई झाली नाही. त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज हाती नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोव्याहून दक्षिण कानडा भागात गेलेल्या कुटुंबांनी त्याच्या नकला जपल्या आणि त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा छापला. पुण्यात शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये त्याची देवनागरी आवृत्ती काढली. राजाज्ञेने जे पुसले जात होते ते सामान्य घरांनी राखले, ही गोष्ट आपल्या इतिहासात अभिमानाने नोंदविण्यासारखी आहे.

पुढील दोन शतकांत मराठी बायबलचे काम मुख्यतः प्रॉटेस्टंट बांधवांनी केले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी यांच्या मंडळींनी १८११ मध्ये मराठी नवा करार छापला. आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातील केडगाव येथे, पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. खेड्यातील साध्या बाईला कळेल अशी भाषा असावी, हा त्यांचा आग्रह होता. मुक्ती मिशनच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच छपाईचे काम केले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. दळणकांडण करणाऱ्या बाईच्या हाती सबंध बायबल द्यावे, ही तळमळ एका मराठी विदुषीने आयुष्याच्या अखेरपर्यंत वाहिली. कॅथलिकांमध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये सुरू केलेल्या ‘निरोप्या’ मासिकाने मराठी कुटुंबांना धार्मिक वाचनाची सवय लावली. परंतु रोजचे शुभवर्तमान हाती घेऊन बसण्याची रीत अद्याप रुळावयाची होती.

त्याचे कारण उपासनेच्या रचनेतच होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी मिस्सेतील वाचनपाठांचे चक्र एकाच वर्षाचे असे आणि तेच रविवारचे पाठ दरवर्षी पुन्हा येत. उपवासकाळ सोडला तर सामान्य वारांना सहसा स्वतंत्र पाठ नसत; आदल्या रविवारचे किंवा एखाद्या संताच्या सणाचे पाठ वाचले जात. परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात बायबलचे भांडार श्रद्धावंतांना अधिक उदारपणे खुले करावे असे सांगितले. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी संमत झालेल्या देवशब्दाविषयीच्या दस्तऐवजाने सर्व ख्रिस्तजनांना पवित्र शास्त्राच्या नित्य वाचनाचा आग्रह केला. त्यानुसार तयार झालेली नवी वाचनमाला १९६९ च्या आगमनकाळापासून लागू झाली.

या वाचनमालेची घडण समजून घेतली तर रोजच्या वाचनाची गोडी वाढते. रविवारी तीन वर्षांचे चक्र चालते: पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, योहानाचे शुभवर्तमान विशेषतः उपवासकाळात आणि पुनरुत्थानकाळात येते. सामान्य काळातील वारांना मात्र शुभवर्तमान दरवर्षी तेच असते. पहिले नऊ आठवडे मार्क, दहाव्या ते एकविसाव्या आठवड्यापर्यंत मत्तय, आणि त्यानंतर चौतिसाव्या आठवड्यापर्यंत लूक. अशा प्रकारे जो रोज वाचतो तो दरवर्षी प्रभूच्या जीवनाच्या वाटेवरून क्रमाने चालून येतो. पाठ तोच असतो, पण त्या वर्षात घरी मूल जन्मलेले असते, कोणी गेलेले असते, नोकरी सुटलेली असते; त्यामुळे तोच दाखला नवे काही सांगतो. जात्यावर सीता तीच, पण प्रत्येक बाईची ओवी वेगळी, तसेच हे आहे.

मठवासी परंपरेने या क्रियेची पद्धत फार पूर्वी सांगून ठेवली आहे. बाराव्या शतकातील कार्थुसियन मठाधिपती दुसरे ग्विगो यांनी वाचन, मनन, प्रार्थना आणि निवांत दर्शन अशा चार पायऱ्या सांगितल्या. वाचन म्हणजे घास तोंडात घेणे आणि मनन म्हणजे तो चावणे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. आपल्याकडच्या माणसाला हेच जात्याच्या भाषेत सांगता येईल. मुठीने घातलेले दाणे म्हणजे वाचन. पाळी फिरविणे म्हणजे मनन. जात्यात दाणे एकदम ओतले तर भरड निघते. थोडे घालावे आणि सावकाश फिरवावे, तरच पीठ बारीक पडते. एका दिवसाला एक उतारा, ही वाचनमालेची शिस्त याच शहाणपणाची आहे.

जाते शुभवर्तमानालाही अनोळखी नाही. दोघी स्त्रिया एका जात्यावर दळीत असता एक नेली जाईल व एक मागे राहील, असे प्रभूने जागरूकतेचा उपदेश करताना सांगितले. मत्तयाच्या चोविसाव्या आणि लूकच्या सतराव्या अध्यायात हे आले आहे. जुन्या करारातील अनुवादाच्या ग्रंथाचा नियम तर गरिबाचे जाते गहाण घेऊ नये असा आहे, कारण ते घेणे म्हणजे त्याचा जीवच गहाण घेणे. आणि लूक दोनदा लिहितो की पवित्र मरियेने घडलेल्या गोष्टी अंतःकरणात साठवून ठेवल्या. तिच्या हाती चिंतनाची पुस्तिका नव्हती. नाझरेथच्या घरातील कामे करता करताच ती मनन करीत असणार.

येथे आपल्या काळातील एका धोक्याकडे लक्ष वेधले पाहिजे. आज तयार चिंतनांची वाण नाही. पुस्तिका आहेत, दिनदर्शिका आहेत, भ्रमणध्वनीवर रोज सकाळी चिंतन येऊन पडते. ही सोय उपकारकच आहे. परंतु दुसऱ्याने लिहिलेले दहा ओळींचे चिंतन वाचून पुस्तक मिटले, तर गिरणीतून पीठ दळून आणल्यासारखे होते: पोट भरते, पण हात फिरत नाहीत आणि ओवी सुचत नाही. गिरण्या आल्यावर बायकांचे कष्ट वाचले हे खरेच, आणि त्या कष्टांचे गोडवे गाणे योग्य नाही. तथापि त्या कष्टाच्या तासाबरोबर त्यांची स्वतःची अशी, स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलण्याची वेळही गेली. तिच्या जागी दुसरी कोणती वेळ आली, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे तालुके पुणे धर्मप्रांतात येतात. नोकरी-व्यवसायानिमित्त अशा डोंगरी भागात राहणाऱ्या एखाद्या कॅथलिक कुटुंबाला रोजची मिस्सा दूरची गोष्ट असते. पावसाळ्यात रविवारची मिस्साही कठीण होते. अशा घराला जगभरच्या मंडळीशी जोडणारा रोजचा धागा म्हणजे त्या दिवसाचे शुभवर्तमान. रोममध्ये, वसईत, पुण्यात त्या सकाळी वेदीवरून वाचला जाणारा उतारा कानद खोऱ्यातील एका खोलीतही वाचला जाऊ शकतो. त्यासाठी चारशे वर्षांपूर्वी कोणी ओव्या रचल्या, कोणी हस्तलिखिते लपवून राखली, कोणी म्हातारपणी हिब्रू-ग्रीकशी झुंज दिली.

तेव्हा घरोघरी एक साधी रीत असावी. दिवसाचा उतारा एकाने सावकाश वाचावा. छापील चिंतन असेल तर तेही वाचावे. परंतु त्यानंतर थोडे थांबून घरातील प्रत्येकाने, लहान मुलाने आणि आजीनेही, आपल्या शब्दांत एक वाक्य बोलावे. ते वाक्य विद्वत्तेचे नसले तरी चालेल. वेल्ह्याच्या डोंगरातील निरक्षर बाई सीतेशी ज्या विश्वासाने बोलत असे, तेवढा विश्वास त्यात असला म्हणजे पुरे. आजीजवळ जुनी ओवी आठवत असेल, तर ती त्याच वेळी लिहूनही घ्यावी.