अ‍ॅपलेशियन ट्रेल : एका पायवाटेचे राखणदार

शेनँडोआ नॅशनल पार्कमधून जाणाऱ्या अ‍ॅपलेशियन ट्रेलच्या दोन मैलांची मी 'ओव्हरसीअर' आहे. हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा आई हसायलाच लागली. आमच्या घरात ओव्हरसीअर म्हणजे पीडब्ल्यूडीतले अप्पाकाका. त्यांना जीप होती, हाताखाली मुकादम होता. मला पगारसुद्धा नाही. वॉशिंग्टनच्या उपनगरातून दोन तास गाडी हाकत जायचं, घडीची करवत, कुदळ आणि फांद्या छाटायची मोठी कात्री घेऊन दिवसभर राबायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं. वर्षातून पाचसहा शनिवार हा उद्योग चालतो. ओव्हरसीअर हा शब्द मात्र खरा आहे. वाटेचा ठरावीक तुकडा सांभाळणाऱ्याला इथले क्लब हेच म्हणतात.

वाट सगळ्यात जास्त बिघडते ती पाण्याने. उतारावर पाणी वाटेतूनच धावायला लागलं की काही वर्षांत वाटेचा ओहोळ होतो. म्हणून ठिकठिकाणी तिरका दगड किंवा ओंडका पुरून पाणी बाजूला काढलेलं असतं. त्यामागे पानं आणि गाळ साचतो, तो उपसत राहायचं. झाडी चार फूट रुंद आणि आठ फूट उंच एवढी मोकळी ठेवायची. झाडांवरच्या दोन इंच बाय सहा इंचांच्या पांढऱ्या खुणा फिक्या पडल्या की पुन्हा रंगवायच्या. कोकणात पावसाआधी गावकी पाखाडीची डागडुजी करते, त्याच जातीचं हे काम.

माझ्या तुकड्यात एका वळणावर, वाटेपासून पन्नासेक पावलांवर, दगडी चुलाण्याचं धुराडं उभं आहे. घर नाही, नुसतं धुराडं. आजूबाजूला रानटी झालेली सफरचंदाची दोनतीन झाडं आहेत आणि एप्रिलमध्ये तिथे डॅफोडिल्स फुलतात. डॅफोडिल्स जंगलात आपोआप उगवत नाहीत. कुणीतरी दारापुढे हौसेने लावलेली असणार. त्या धुराड्यामुळे मी या वाटेचा इतिहास वाचायला लागले.

जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, १४ राज्यांतून जाणारी ही वाट साधारण ३५०० किलोमीटर लांब आहे. तिची कल्पना मांडली बेंटन मकाय याने. हा हार्वर्डला वनशास्त्र शिकलेला, सरकारी वनखात्यात नोकरी केलेला माणूस. १९२१च्या एप्रिलमध्ये त्याच्या पत्नीने, जेसी हार्डी स्टब्सने, न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये जीव दिला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि युद्धाविरुद्ध लढलेली कार्यकर्ती होती ती. खचलेल्या मकायला एका मित्राने न्यू जर्सीतल्या आपल्या घरी नेलं. त्याच उन्हाळ्यात त्याने एक टिपण लिहिलं आणि ते ऑक्टोबर १९२१मध्ये अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेच्या मासिकात छापून आलं.

आज तो लेख वाचताना चकित व्हायला होतं, कारण त्यात पायवाट हा योजनेचा केवळ एक भाग आहे. वाटेकाठी मुक्कामाच्या झोपड्या, त्यांच्याभोवती लोकांनी मिळून वसवलेल्या छोट्या वस्त्या आणि धान्य पिकवणारी शेतं, असा सगळा बेत होता. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत पिचलेल्या माणसांना डोंगरात नुसतं फिरता यावं एवढ्यावर त्याचं समाधान नव्हतं. त्यांनी तिथे राहावं, राबावं, रोजगार मिळवावा, असं त्याला वाटत होतं. आणि हे काम लोकांनी स्वखुशीने, एकमेकांच्या सहकार्याने करायचं. आपल्याकडचा श्रमदान हा शब्द त्याला माहीत असता तर त्याने नक्की वापरला असता.

१९२३मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेअर माउंटन भागात पहिला तुकडा खुला झाला. १९२५मध्ये वॉशिंग्टनला सभा भरली आणि अ‍ॅपलेशियन ट्रेल कॉन्फरन्स स्थापन झाली. पण सभा घेऊन वाट तयार होत नाही. ती तयार केली मायरन एव्हरी या मेनमधून आलेल्या वकिलाने. जहाजांच्या आणि सागरी कायद्याच्या खटल्यांत त्याचा दिवस जाई. १९२७मध्ये त्याने वॉशिंग्टनमध्ये काही मंडळींसोबत पोटोमॅक अ‍ॅपलेशियन ट्रेल क्लब काढला आणि १९३१पासून १९५२पर्यंत तो कॉन्फरन्सचा अध्यक्ष होता. सायकलच्या चाकासारखं मोजणीचं चाक ढकलत तो डोंगर पालथे घालायचा. स्थानिक क्लब जमवणं, मार्गदर्शिका लिहिणं, पत्रांचा भडिमार करणं, हे सगळं नोकरी सांभाळून. १९३६पर्यंत त्याने तुकड्यातुकड्यांनी अख्खी वाट चालून पूर्ण केली. असं करणारा तो पहिला. माणूस तुसडा होता असं त्याच्या काळचे लोक सांगतात. अशा कामाला असा माणूस लागतच असावा.

या दोघांचं फाटलं ते मी आज जिथे गाळ उपसते त्याच डोंगररांगेवरून. १९३१मध्ये ब्लू रिजच्या माथ्यावरून स्कायलाइन ड्राइव्ह हा मोटारींचा रस्ता बांधायला सुरुवात झाली. क्लबने नुकतीच आखलेली वाट बऱ्याच ठिकाणी त्याखाली गेली. डोंगरमाथ्यावर मोटारी येणार असतील तर वाटेला अर्थच उरत नाही, असं मकायचं म्हणणं. रस्ता काही थांबत नाही, तेव्हा सरकारकडून नवी वाट बांधून घेऊ आणि पुढे जाऊ, असं एव्हरीचं. १९३५च्या अखेरीस कडू पत्रं गेली आणि दोघांचे संबंध तुटले. त्याच वर्षी मकाय वाइल्डरनेस सोसायटीच्या संस्थापकांत सामील झाला. मंदीच्या काळात बेकार तरुणांसाठी काढलेल्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या पोरांनी शेनँडोआतली वाट नव्याने बांधली आणि १४ ऑगस्ट १९३७ रोजी त्याच कोअरच्या एका तुकडीने मेनमध्ये शेवटचा दुवा जोडला.

पहिल्या वाचनात मी एव्हरीच्या बाजूची होते. त्याच्यासारखे लोक नसते तर वाट कागदावरच राहिली असती. मग धुराड्याची माहिती शोधू लागले आणि दोघांच्याही भांडणात नसलेली माणसं सापडली.

शेनँडोआ पार्कची जमीन रिकामी नव्हती. व्हर्जिनिया राज्याने १९२८मध्ये कायदा करून ती सक्तीने संपादन केली आणि केंद्र सरकारला दिली. सुमारे ५०० कुटुंबं उठवली गेली. कुणाकडे जमिनीचे कागद होते, कुणी पिढ्यानपिढ्या कसणारे पण कागद नसलेले. ही माणसं मागासलेली, जगापासून तुटलेली आहेत असं चित्र रंगवलं गेलं. १९३३मध्ये 'हॉलो फोक' नावाचं पुस्तक निघालं, त्यानेही त्याला हातभार लावला. थोड्या म्हाताऱ्यांना मरेपर्यंत राहू दिलं. रिकामी झालेली कितीतरी घरं पाडली ती याच कोअरच्या पोरांनी, म्हणजे ज्यांनी माझी वाट बांधली त्यांनीच. कोयना किंवा चांदोलीची गोष्ट ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला यातलं काहीच नवीन वाटत नाही.

वाटेची पुढची गोष्ट उमेदीची आहे. १९४८मध्ये महायुद्धातून परतलेला अर्ल शॅफर एका दमात सगळी वाट चालला. त्याचा जिवलग मित्र इवो जिमाला मारला गेला होता. युद्ध अंगातून जावं म्हणून तो चालत होता. १९५५मध्ये एमा गेटवुड ही ११ मुलांची, ६७ वर्षांची आजी साधे कॅनव्हासचे बूट घालून आणि शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून एकटी चालून गेली. नवऱ्याचा अनेक वर्षं मार खाल्लेली बाई. तिने वाटेच्या दुरवस्थेबद्दल बातमीदारांना खडसावून सांगितलं आणि लोकांचं लक्ष वळलं. तोवर शेकडो मैल वाट खाजगी जमिनींवरून, मालकाच्या तोंडी परवानगीवर चालली होती. जमीन विकली की वाट डांबरी रस्त्यावर. १९६८मध्ये कायदा झाला आणि तिला राष्ट्रीय वाटेचा दर्जा मिळाला. १९७८मध्ये जमीनखरेदीसाठी ९ कोटी डॉलर मंजूर झाले. बहुतेक जमीन राजीखुशीने घेतली, काही सक्तीने. ज्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं चालणाऱ्यांना आपल्या कुरणातून जाऊ दिलं होतं, त्यांतल्या काहींना आता सरकारी नोटिसा आल्या. ते चिडले, यात नवल नाही. आज ९९ टक्क्यांहून जास्त वाट सार्वजनिक जमिनीवर आहे.

१९८४मध्ये मात्र सरकारने एक वेगळी गोष्ट केली: या जमिनीची रोजची व्यवस्था कॉन्फरन्सकडे, म्हणजे स्वयंसेवकांकडे सोपवली. आज तीसेक क्लब ती पाहतात. सप्टेंबर २०२४मध्ये हेलीन वादळाने दक्षिणेकडची वाट उद्ध्वस्त केली तेव्हा माणसं करवती घेऊन तिकडे गेली.

एव्हरी १९५२मध्ये ५२व्या वर्षी गेला. मकाय ९६ वर्षं जगला, १९७५पर्यंत. त्याच्या योजनेतल्या वस्त्या आणि शेतं कधी झाली नाहीत. उलट जिथे वस्त्या आणि शेतं खरोखर होती, ती आपण हलवली आणि वाट निर्मनुष्य केली. त्याच्या लेखातलं टिकलं ते एवढंच, की शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी बिनपगारी येऊन राबतात. मी त्या टिकलेल्या भागात आहे आणि मला ते आवडतं. पण वाट 'वाचवली' असं म्हणताना हल्ली माझी जीभ अडखळते.

गेल्या एप्रिलमध्ये गाळ उपसत होते तेव्हा पाठीवर मोठी बॅग घेतलेला एक तरुण थांबला. जॉर्जियाहून चालत आला होता. डॅफोडिल्सकडे बोट दाखवून म्हणाला, "ही तुम्ही लावलीत का?" मी म्हटलं, "नाही, इथे घर होतं." मग त्याला सगळं सांगितलं, १९२८चा कायदा, ५०० कुटुंबं, पाडलेली घरं. तो बॅग न उतरवता उभ्यानेच ऐकत राहिला. जाताना वाकडी वाट करून धुराड्यापर्यंत गेला, हात लावून आला आणि उत्तरेकडे चालू लागला. ओव्हरसीअरच्या कामांच्या यादीत हे नाही. पण आता कुणी त्या वळणावर थांबलं की मी कुदळ खाली ठेवते आणि सांगते.