६० मीटर

जयंतीच्या भाषणात आपण बाबासाहेबांना चवदार तळ्यावर दाखवतो, घटना लिहिताना दाखवतो. कोळशाच्या खाणीत उतरलेले बाबासाहेब कुणी दाखवत नाही. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये झरिया-राणीगंजला गेले आणि खाली उतरून काम बघितलं. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा मजुरांच्या कल्याण फंडाचा वटहुकूम निघाला. त्याच काळात लढाईला कोळसा कमी पडतो म्हणून बायांना खाली उतरवायची बंदी सरकारने उठवली, तीही त्याच मजूर खात्यातून. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा बसली. हेही वाचा. भक्तीपायी झाकू नका.

मी लातूरच्या डाळ मिलमधला माणूस, सातवीत शाळा सुटलेला. कोळशाचं मला काय? तर नांदेडच्या घाटावरून जी गोदावरी वाहते, तीच खाली तेलंगणात गोदावरीखनीला पोचते. तिथं जमिनीखाली सिंगरेणी कंपनीच्या खाणी आहेत. १९४८ पर्यंत ते लोक आणि आपण एकाच निजामाचे रयत होतो. म्हणून मी खाणीच्या नियमांचं पुस्तक मिळवलं आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. त्यातला एक नियम डोक्यातून जात नाही.

खाणीतला कोळसा काढून झाला की ती पोकळी तशीच सोडतात. वरून पाणी झिरपतं. पंप बंद, म्हणून साठतं. वर्षं जातात. मग बाजूला नाहीतर खालच्या अंगाला नवं काम सुरू होतं. मधे राहते फक्त कोळशाची भिंत. ती किती जाड आहे हे नकाशा सांगणार, आणि नकाशा चुकीचा असला की खलास. म्हणून १९५७ च्या नियमात लिहिलं की पाणी भरलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही. जायचंच तर पुढं ड्रिलने भोकं मारून आधी पाणी आहे का बघायचं. इतकं साधं. आपल्या खेड्यातला विहीर खोदणारा वडारसुद्धा हे सांगेल.

नियमाच्या आधी, १० डिसेंबर १९५४ ला, छिंदवाड्याच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ माणसं मेली. तेव्हा छिंदवाडा नागपूर राजधानीच्याच राज्यात होता. म्हणजे नियम आला तो मढी मोजून आला. ठीक. पण नियम आल्यावर काय झालं? २७ डिसेंबर १९७५, चासनाला, धनबादजवळ. जुन्या कामातलं पाणी फुटलं, ३७५ माणसं गेली. ‘काला पत्थर’ सिनेमा त्यावरच निघाला, तो आपण शिट्ट्या मारत बघतो. खाण सरकारी ताब्यातली होती, तेव्हा मालक शेठ आहे की सरकार, पाण्याला फरक पडत नाही. कोर्टाचा निकाल २०१२ ला लागला. ३६ वर्षांनी दोन अधिकाऱ्यांना एक वर्षाची कैद. आणि १६ जून २००३ ला, आपल्याच गोदेच्या काठी, गोदावरीखनीच्या ७ नंबरच्या खाणीत पुन्हा पाणी. १७ माणसं.

खाली कोण उतरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

नियम नव्हता असं नाही. नियम ऑफिसात होता. भिंतीला हात लावणाऱ्याला ती ओली लागत असेल, पण त्याच्या म्हणण्याला कागद नव्हता. चासनाल्यानंतर, ऐंशीच्या दशकात, खाण-नियमांत एक कलम आलं: ५०० किंवा त्याहून जास्त मजूर असतील तिथं मजुरांच्या बाजूचे इन्स्पेक्टर नेमायचे, युनियनशी बोलून. त्यांनी खाली फिरायचं आणि धोका दिसला की रजिस्टरात लिहायचं. साहेबाने ते वाचायचं. मला सगळ्या पुस्तकात हेच कलम जास्त आवडलं, कारण यात लिहिणारा आपला आहे.

आमच्या मिलमध्ये आम्ही तीसेक जण. मशीनच्या पट्ट्याला जाळी नाही, कुणाची बाही अडकेल सांगता येत नाही. असलं रजिस्टर ठेवा म्हणून आम्हाला कुठला कायदा विचारत नाही. तरी गेल्या पंधरवड्यात आम्ही शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर पट्ट्याचं लिहिलंय, खाली सगळ्यांच्या सह्या आणि तिघांचे अंगठे. मालकाने अजून वही उघडलेली नाही.