अंतराळांतील शिधा आणि नीरेकांठचें पोलाद

कोठार रिकामें झालें कीं भला मजबूत किल्लाहि शरण जातो, हें महाराष्ट्रांतील मुलांना इतिहासाच्या पहिल्या पुस्तकांतच कळतें. शहाणा शत्रु तटाला धडका देत बसत नाहीं. तो शिध्याची वाट अडवितो. पृथ्वीपासून सुमारें चारशें किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या अंतराळस्थानकाला वेढा कोणीं घालावा लागत नाहीं, तो जन्मापासूनच पडलेला असतो. तेथें शेत नाहीं, विहीर नाहीं. अन्न, पाणी, हवा, इंधन यांची तूट खालूनच भरून काढावी लागते.

1971 सालीं सोव्हिएट रशियानें पहिलें स्थानक सोडलें, 1973 सालीं अमेरिकेनें स्कायलॅब सोडली. या प्रारंभींच्या स्थानकांनीं बहुतेक शिदोरी उड्डाणाच्या वेळींच बरोबर घेतली होती. ती सरली कीं वास्तव्य सरलें. ही अडचण दूर करण्यासाठीं 20 जानेवारी 1978 रोजीं प्रोग्रेस 1 हें यान निघालें. त्यांत एकहि माणूस नव्हता. दोन दिवसांनीं तें आपोआप सॅल्यूत 6 या स्थानकाच्या मागील दाराशीं जाऊन लागलें. आंत राहणाऱ्या रोमानेन्को व ग्रेच्को या दोघांना सुमारें 2,300 किलो माल पोहोंचला. त्यांतील जवळजवळ एक टन इंधन होतें, आणि तें नळ्यांवाटे परस्पर स्थानकाच्या टांक्यांत भरलें गेलें. माल उतरल्यावर घरांतला केरकचरा त्याच यानांत भरण्यांत आला आणि पुढील महिन्यांत तें प्रशांत महासागरावर जळून गेलें. राकेश शर्मा 1984 सालीं ज्या सॅल्यूत 7 वर आठवडाभर राहिले, त्या घराचा प्रपंचहि अशाच बिनपरतीच्या गाड्यांवर चालला होता.

हा व्यवहार पुढें इतका नेमाचा झाला कीं जगानें त्याकडे पाहणें सोडलें. गाडी चुकली म्हणजेच तिची आठवण होते. 28 ऑक्टोबर 2014 रोजीं सिग्नस यान घेऊन निघालेला अमेरिकन अग्निबाण कांहीं सेकंदांतच कोसळला. 2015 च्या एप्रिलांत रशियाचें प्रोग्रेस यान भरकटलें. त्याच वर्षीं 28 जून रोजीं ड्रॅगन यान नेणारा फाल्कन अग्निबाण हवेंतच फुटला. आठ महिन्यांत तीन गाड्या बुडाल्या! वरच्या कोठींत कांहीं महिन्यांचा सांठा होता, आणि जुलईंत रशियाची व ऑगस्टांत जपानची गाडी सुखरूप पोहोंचली, म्हणून निभावलें. फाल्कनच्या नाशाचें कारण शोधतां असें आढळलें कीं, हेलियमची टांकी धरून ठेवणारी एक पोलादी दांडी ठरलेल्या भाराच्या पुष्कळ आधीं तुटली. जवळजवळ दोन टन माल एका दांडीपायीं समुद्रांत गेला.

तेव्हां या इतिहासांत दांडी करणाऱ्या कारागिराची जागा अंतराळवीराच्या बरोबरीची आहे, आणि म्हणूनच पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्याकडे वळणें प्राप्त आहे. मोरोपंतांच्या बारामतीवरून नीरेचा डावा कालवा इंदापुराकडे जातो. त्याच्या पाण्यावर, कळंबच्या माळावर, 1930 नंतरच्या दशकांत शेठ वालचंद हिराचंद यांनीं ऊंस लावला आणि साखरेचा कारखाना उभारला. त्या वस्तीचें नांव वालचंदनगर पडलें. सोलापुरांत 1882 सालीं जन्मलेल्या या गृहस्थांना माल आपला आणि गाडी परक्याची, या गोष्टीची चीड होती. त्यांच्या व नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ आगबोट 5 एप्रिल 1919 रोजीं मुंबईहून लंडनकडे निघाली. इंग्रज कंपन्यांनीं भाडें पाडून या नव्या कंपनीला बुडविण्याचा पुष्कळ खटाटोप केला, पण ती टिकली. 1940 सालीं वालचंदांनीं बंगळूर येथें विमानांचा कारखाना काढला. स्पुटनिक उडण्यापूर्वीं चार वर्षें, 1953 सालीं, ते निवर्तले. अग्निबाण कांहीं त्यांच्या हिशेबांत नव्हता.

पुढें वालचंदनगरांत साखरेचीं यंत्रें व बॉयलर होऊं लागले, आणि 1970 नंतर भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचें काम आलें. बॉयलर आणि अग्निबाण यांत वरवर साम्य नाहीं. पण लोहाराच्या दृष्टीनें दोन्ही भावंडेंच. पोलादी पोटांत दाब कोंडून धरावयाचा, हेंच दोहोंचें काम. एलव्हीएम-3 या सर्वांत बलाढ्य भारतीय अग्निबाणाच्या दोन्ही कुशींना एस-200 नांवाचे घन इंधनाचे बाण असतात. प्रत्येकाचा व्यास 3.2 मीटर, आंत सुमारें 205 टन इंधन, आणि बाहेरचें कवच सेंटिमीटरभरहि जाड नाहीं! या कवचाचे खंड ज्या मोजक्या कारखान्यांत बनतात त्यांत वालचंदनगर एक. पोलादहि साधें नव्हे. त्यांत कार्बन जवळजवळ नाहीं, निकेल शेंकडा 18, शिवाय कोबाल्ट व मॉलिब्डेनम. पत्रे वाकवून वेल्डिंग करावयाचें, सांधे क्ष-किरणांनीं तपासावयाचे, मग खंड भट्टींत घालून त्याला पक्केपणा आणावयाचा. एवढी खटपट कशाला, याचें उत्तर अमेरिकेच्या चॅलेंजर यानानें दिलें. 28 जानेवारी 1986 रोजीं त्याच्या घन इंधनाच्या बाणाच्या दोन खंडांमधील रबरी कडें थंडीनें ताठरलें, सांध्यांतून ज्वाला बाहेर पडली आणि सात माणसें गेलीं. गगनयानांतून जाणाऱ्या भारतीयांनाहि एस-200 च्या जातीचेच बाण उचलणार आहेत.

भारताचें मालवाहू यान अद्याप व्हावयाचें आहे. त्याचा पहिला धडा मात्र गिरवून झाला. 30 डिसेंबर 2024 रोजीं उडालेलीं स्पेडेक्सचीं दोन लहान यानें 16 जानेवारी 2025 रोजीं एकमेकांस जोडलीं गेलीं, आणि अंतराळांत यानाला यान जोडणारें भारत हें चौथें राष्ट्र ठरलें. 2035 पर्यंत स्वतःचें स्थानक पुरें करण्याचा संकल्प जाहीर झाला आहे. तें झाल्यावर तेथला शिधा कोणाच्या गाडीनें न्यावयाचा, हा 1919 सालचाच प्रश्न पुन्हां पुढें येईल.

उड्डाणाच्या दिवशीं श्रीहरिकोट्याचें नांव घरोघर होतें. इंदापूरचें कोणी काढीत नाहीं. तयार खंड उसाच्या गाड्यांच्या रस्त्यानेंच अवजड मोटारींवरून बाहेर पडतात. श्रीहरिकोट्यास त्यांत इंधन भरतात. तें दोन-सव्वादोन मिनिटांत जळून जातें, आणि रिकामें कवच बंगालच्या उपसागरांत पडतें.